सारिका आत्याचा मूळ आवाज

"सर, डॉक्टरांच्या खोलीत एखादा पेशंट पादला, तर तुमची श्रुती तेपण लिहून घेते का?"

हा प्रश्न माझा नव्हता. म्हणजे विचारला मीच, उभं राहून, खणखणीत आवाजात, पण पैज मिसबाह आणि कनकची होती. "तुझ्यात दम नाही," असं कनक कुजबुजली. हे वाक्य माझ्यासमोर बोलायचं नसतं, एवढं तिला दोन वर्षांत कळायला हवं होतं.

अख्खी दहावी ब बाकांवर आडवी झाली. गोसावी बाईंचा चेहरा असा झाला, की आता माझं काही खरं नाही. पण सोनवणे सर स्वतःच हसायला लागले. ते श्रुतीचे, म्हणजे दवाखान्यांतल्या त्या यंत्राचे, आमच्या जिल्ह्याचे इंजिनिअर. शाळाशाळांत जाऊन तिची माहिती द्यायची, हे त्यांचं काम.

"नाव काय तुझं?"

"स्पृहा दातीर, सर."

"तर स्पृहा, उत्तर आहे, नाही. श्रुती फक्त बोललेलं ऐकते. पोट काय म्हणतंय, ते तिला ऐकू येत नाही."

पैजेची भेळ मी जिंकले. मिसबाहनं तिच्या वाटच्या पुऱ्यापण मला दिल्या. त्या खाताना सरांचं वाक्य माझ्या डोक्यात कुठंच नव्हतं.

मी पहिल्यापासून अशी नव्हते हं. आठवीपर्यंत हजेरीला साधं "प्रेझेंट" म्हणताना माझा आवाज घशातच बसायचा. मला बोलती केली ती सारिका आत्यानं. पप्पांची मोठी बहीण. तिची काडीमोड मी जन्मायच्या आधीच झालेली. तेव्हापासून ती आमच्याकडेच, वरच्या खोलीत.

आत्या आमच्या खडकाळ्याच्या बसस्टँडवर घोषणा करायची. मध्यंतरी तिथं कॉम्प्युटरचा आवाज बसवला होता. तो गोड होता, पण गाडी बंद पडली तरी "वेळेवर सुटेल" म्हणायचा. लोक इतके वैतागले, की माइक परत आत्याकडे आला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, संगमनेरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे," इथपर्यंत सगळं नियमानं. पुढचं तिचं स्वतःचं. "ओ लाल टोपीवाले बाबा, ती नव्हे, ती शिर्डीची! मागं फिरा!" आणि बाबा खरंच मागं फिरायचे. अख्खं खडकाळे तिचा आवाज ओळखायचं.

शनिवारी शाळा सुटली की ती मला केबिनमध्ये न्यायची आणि माइक माझ्यापुढे सरकवायची.

"आत्या, मला भीती वाटते."

"माइकला आपण घाबरायचं नसतं, बाळा. माइकनं आपल्याला घाबरायचं असतं. बोल. नाशिकची गाडी लागलीय."

अशी मी बोलायला लागले. आता थांबत नाही.

श्रुतीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. ती यायच्या आधी आमच्याकडे साड्यांच्या दुकानाची एक मोठी पिशवी होती. तिच्यात आजोबांचे सगळे रिपोर्ट, एक्स-रे, चिठ्ठ्या. आई ती पिशवी पोटाशी धरून दवाखाने फिरायची. प्रत्येक डॉक्टर विचारणार, "आधीचे रिपोर्ट आणलेत?" आणले असले की म्हणणार, "हे जुने झाले, पुन्हा करा." आजोबांचं रक्त इतक्यांदा काढलं गेलं, की ते म्हणायचे, मी आजारानं नाही, तपासणीनंच संपणार.

श्रुतीनं ती पिशवी संपवली. डॉक्टरांच्या टेबलावर वाटीएवढा एक मायक्रोफोन असतो. आपण आपल्या भाषेत बोलायचं. यंत्र त्या बोलण्याचा अर्थ काढतं आणि अर्थाला एक संकेत देतं. "ताप आलाय" म्हणा, नाहीतर तमिळमध्ये म्हणा, संकेत एकच. तो देशातल्या कुठल्याही डॉक्टरला दिसतो. डॉक्टरांनी वाचायचा तो संकेत, कारण एका पेशंटमागे त्यांच्याकडे जेमतेम पाच मिनिटं असतात. आपण जे खरोखर बोललो, त्याला म्हणायचं मूळ आवाज. तो कुलपात. कुणी ऐकत नाही.

आणि प्रत्येक संकेताला भरवसा असतो. सोनवणे सरांनी फळ्यावर काढून दाखवलं होतं. एका डॉक्टरनं संकेत पाहिला आणि खोडला नाही, की भरवसा वाढला. दुसऱ्यानं पाहिला, आणखी वाढला. भरवसा एका रेषेवर गेला, की यंत्र तो संकेत खराच धरून चालतं. त्या माणसाचं पुढचं सगळं बोलणं त्याच्याच उजेडात समजून घेतं.

कनकनं तेव्हा हात वर केला होता, पैज नसताना. "पण सर, दुसऱ्या डॉक्टरनं पहिल्याचंच बघून मान डोलावली तर? आम्ही तिघी एकच गणित कॉपी करतो. तिघींचं उत्तर सारखं येतं. चुकलेलं असलं तरी."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. "तसं सहसा होत नाही," ते म्हणाले.

एका रविवारी आत्या धुण्याची बादली घेऊन गच्चीवर निघाली होती. मध्येच तिनं बादली जिन्यावर ठेवली आणि कठडा धरला. मी खालून ओरडले, "काय झालं गं?"

"काही नाही. जीव घाबरतोय जरा."

आमच्या घरात हे सगळे म्हणतात. आजोबा उन्हातून आले की त्यांचा जीव घाबरायचा. उपास लांबला की आईचा घाबरतो. छातीत कसंतरी होतं, श्वास पुरत नाही, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. पण त्यात भीतीचा काही संबंध नसतो. घाबरतो तो जीव. माणूस आपला जागच्या जागी असतो, वैतागलेला. हे कुणी कुणाला शिकवत नाही, भाषेबरोबरच येतं.

आधी कर्डिले डॉक्टर होते. त्यांना "जीव घाबरतोय" म्हटलं, की ते पहिल्यांदा मनगट हातात घ्यायचे. ते मुलीकडे पुण्याला गेले. त्यांच्या दवाखान्यात आता आरोग्य केंद्र आहे. दारात टोकन, मग अंगठा, मग ओटीपी. आत्याचं कार्ड पप्पांच्या नंबरला जोडलेलं, म्हणून ओटीपी पप्पांच्या फोनवर. पप्पा कारखान्यात, तिथं फोन आत नेता येत नाही. दोनदा आम्ही नुसत्याच जाऊन परत आलो. तिसऱ्यांदा पप्पांनी अर्धी रजा टाकली आणि आमच्याबरोबर आले. बाहेर दोन तास बसून त्यांची चिडचिड झाली होती. आणि पप्पा चिडले की विनोद करतात.

आत डॉक्टर वाजे होत्या. तरुण, दमलेल्या. आमच्या शेजारच्याच गावच्या, म्हणजे मराठी कळत नव्हतं असं अजिबात नाही. पण त्यांचं तोंड पडद्याकडे होतं.

"काय होतंय?"

"जिना चढले की जीव घाबरतो," आत्या म्हणाली. "परवा तर पार घाबराघुबरा झाला."

वाटीवरचा दिवा हिरवा झाला. डॉक्टरांनी पडदा वाचला. "चिंता, मध्यम. बरं. घरात काही टेन्शन आहे का?"

"टेन्शन? मला?" आत्याला काही कळेना.

"टेन्शन कसलं हो," पप्पा म्हणाले, "ती आहेच पहिल्यापासून घाबरट. झुरळ दिसलं की पलंगावर चढते!"

सगळे हसले. डॉक्टर हसल्या, मी हसले. आत्यापण हसली. तिनं पप्पांच्या दंडावर चापट मारली. "गप रे नित्या." झुरळाचं खरंच होतं.

वाटीवरचा दिवा पुन्हा हिरवा झाला. पडद्यावर नवी ओळ आली, ती मी वाचली. "नातेवाइकाकडून पुष्टी." तेव्हा मला वाटलं, वा, किती हुशार आहे ही.

गोळ्या मिळाल्या. त्या घेऊन आत्याला झोप यायची, बाकी फरक शून्य. म्हणून आम्ही नाशिकच्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तिथं हृदयाच्या डॉक्टरांना भेटायचं होतं. पण कुणाला कुठं पाठवायचं, ते आत शिरतानाच श्रुती ठरवते. तिनं आत्याला समुपदेशकाकडे पाठवलं. आत्यानं तिथं शहाणपणानं शब्द बदलून पाहिले. "दम लागतो," म्हणाली. "छातीत भरून येतं," म्हणाली. पण आता भरवसा वाढला होता. प्रत्येक नवा शब्द जुन्या संकेताच्या पोटात गेला. दम लागणं, चिंतेचं शारीरिक लक्षण. छाती भरणं, चिंतेचं शारीरिक लक्षण. तिसरीकडे गेलो, तर तिथल्या डॉक्टरांनी पडदा वाचूनच प्रेमळ चेहरा केला. असा चेहरा, जो वेड्या माणसासाठी ठेवलेला असतो.

"ताई, सगळं तुमच्या मनात आहे," ते म्हणाले.

"मनात नाही, जिन्यात आहे," आत्या म्हणाली. त्यांनी मान डोलावली आणि भरवसा आणखी वाढला.

या सगळ्यात कुणी तिच्या छातीला साधा स्टेथोस्कोप लावला नाही. ईसीजीच्या खोलीवरून आम्ही दोनदा गेलो. आत जायला संकेत लागतो.

मग डेपोतून बोलावणं आलं. नोकरीवरच्यांचं श्रुतीतलं पान साहेबांनाही दिसतं. साहेब वाईट नव्हते. ते म्हणाले, सारिकाताई, चिंताविकार असलेल्या माणसाला माइकवर बसवता येत नाही, नियम आहे, लोक घाबरून पळतील असं काहीतरी बोललात तर? आत्याला पासाच्या खिडकीवर बसवलं आणि कॉम्प्युटरचा गोड आवाज परत आला.

त्या संध्याकाळी आत्या जेवायला खाली आली आणि म्हणाली, "नित्या, मला आक्षेप घ्यायचाय. मूळ आवाज उघडायला लावायचाय. मी काय बोलले ते कुणीतरी ऐकू दे."

"मग घे की."

"मला घेता येत नाही. माझ्या पानावर मनाचा आजार आहे ना. म्हणजे माझी सही चालत नाही. तुझी लागते."

पप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "ताई, तीन-तीन डॉक्टर चुकले आणि तू एकटी बरोबर?"

"तीन नाहीत रे. एकच. बाकीच्या दोघांनी वाचलं."

"असं कर, आधी हा गोळ्यांचा कोर्स पुरा कर. मग सही करतो. मी काय पळून चाललोय?"

आई म्हणाली, "करून टाका ना सही."

"अगं, ते सगळं जाहीर ऐकवतात! घरातलं बोलणं गावभर. लोक काय म्हणतील, बहिणीला वेडी ठरवून आता कोर्टकचेऱ्या करतोय."

आत्यानं ताट बाजूला सारलं. लहानपणी तिनं पप्पांना पाठीवर बसवून ओढा ओलांडून शाळेत नेलं होतं. हे आम्हाला पप्पांनीच शंभरदा सांगितलंय. मग ती माझ्याकडे वळली. "स्पृहा, फोन आण. तुला माझ्या आवाजाची वारस करते. तू सोळाची झालीस की तो तुझा. त्याला कुणाची सही लागत नाही. मेल्यावरची सोय आहे ना ती."

"काहीतरीच काय गं ताई!" पप्पा ओरडले.

"अरे, विनोद केला. तुला कसे जमतात?"

मी फोन आणला. तिनं अंगठा लावला.

पुढे थोड्याच दिवसांनी एका दुपारी आम्ही तिघी, मी, मिसबाह, कनक, स्टँडवर उसाचा रस पीत होतो. गोड आवाज म्हणाला, शिर्डीची गाडी फलाट क्रमांक तीन. खरं तर ती एकवर लागली होती. डोईवर बोचकं घेतलेलं एक म्हातारं जोडपं तीनकडे चाललं आणि एकवरची गाडी हलली. खिडकीतून आत्यानं ते पाहिलं. माइक असता तर एका वाक्याचं काम होतं. माइक नव्हता. ती खिडकी सोडून बाहेर आली आणि गाडीमागे धावली. "थांबव रे! घुगे, थांबव! दोन माणसं राहिलीत!"

ड्रायव्हर घुगे काकांनी आरशात पाहिलं, ब्रेक दाबला. म्हातारा-म्हातारी चढली. आत्या वळली, आमच्याकडे बघून तिनं हात केला आणि खाली बसली. तो हात केल्यासारखा हात नव्हता, हे मला जरा उशिरा कळलं.

तिचं तोंड राखेसारखं झालं होतं. मी रुग्णवाहिकेला फोन लावला. तिकडून श्रुतीच बोलली, शांत, स्वच्छ मराठीत. "रुग्णाचं नाव?"

"सारिका दातीर! लवकर पाठवा गाडी!"

"नोंद सापडली. रुग्णाला काय होत आहे?"

मला सगळं माहीत होतं. कुठला शब्द वापरायचा नाही, हे तर माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण माणूस मरायला लागलं की तोंडात आपलीच भाषा येते.

"तिचा जीव घाबरतोय!" मी म्हणाले.

"समजलं. रुग्णाला यापूर्वीही चिंतेचे झटके आलेले आहेत. काळजीचं कारण नाही. रुग्णाला सावलीत बसवा, पाणी द्या. रुग्णवाहिका तुमच्या क्रमानुसार येईल."

"घाबरलेली नाहीये ती! हृदय आहे! तिचं हृदय!"

"आपणही घाबरलेल्या आहात. माझ्याबरोबर दीर्घ श्वास घ्या. एक..."

मिसबाहनं माझ्या हातातून फोन हिसकावला आणि ती ओरडायला लागली, पण तिच्या आवाजावरून यंत्रानं काय लिहिलं असेल ते मला सांगायला नको. घुगे काकांनी गाडीच्या दारात उभं राहून सांगितलं, "उतरा! सगळे उतरा! शिर्डीला जाणार नाही ही!" आणि एकही माणूस भांडला नाही. आत्ताच चढलेलं ते जोडपंपण उतरलं. आत्याला चौघांनी उचलून मागच्या सीटवर झोपवलं. गाडी नाशिकच्या रस्त्याला लागली.

घाटात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ओढणीनं मी तिचा घाम पुसत होते.

"आत्या, जीव घाबरतोय?"

तिनं मान हलवली. हो.

"तू घाबरलीस?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं चुकीच्या गाडीत चढणाऱ्याकडे बघायची. आणि मान हलवली. नाही.

त्या गाडीत श्रुती नव्हती. ते उत्तर कुठंच नोंदलं गेलं नाही. घाट संपायच्या आधी आत्या संपली.

शवविच्छेदन झालं. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून नीट सांगितलं. आत्याच्या हृदयाचा स्नायू वाढून जाड झाला होता. रक्त बाहेर ढकलायला जागाच कमी. बसून असताना काही कळत नाही, पण चढ चढला, धावलं, की हृदयाचा ताल तुटतो. "जिना चढताना त्रास होतो, एवढं जरी कुणी ऐकलं असतं," ते म्हणाले. मग पप्पांना म्हणाले, "हे रक्तातून येतं. तुम्ही तपासून घ्या. या मुलीलापण घ्या. वेळेत कळलं तर उपाय आहेत."

त्यांनी तो कागद दिला, जांभळ्या शिक्क्याचा. साधा कागद. शवविच्छेदनाची खोली श्रुतीला जोडलेली नाही, कारण मेलेला माणूस बोलत नाही. म्हणजे बघा, खोटं होतं ते देशभर पोचलं आणि खरं होतं ते आईनं साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत ठेवलं.

आम्ही केंद्रात तो कागद घेऊन गेलो. डॉक्टर वाजेंनी तो दोनदा वाचला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच आलं. पण हृदयाची तपासणी लिहायला गेल्या, तर पडदा नाही म्हणाला. मी नुकतीच सोळाची झाले होते आणि माझं स्वतःचं पान उघडलं होतं. त्यावरची पहिलीच ओळ होती, "कौटुंबिक इतिहास, चिंताविकार, आत्या. भरवसा पूर्ण." खाली, "प्रथम समुपदेशन." पप्पांच्या पानावरही तेच.

"जुना संकेत खोटा ठरल्याशिवाय हे हलणार नाही," डॉक्टर वाजे म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्ही आक्षेप घेतलात तर मी येईन. तो दिवा हिरवा झाला, तेव्हा मी पण खोडलं नव्हतं."

मी सोनवणे सरांना फोन केला. त्यांना मी आठवत होते, त्या प्रश्नामुळे.

"सर, श्रुती फक्त बोललेलं ऐकते, असं तुम्ही म्हणाला होतात. ती तेपण ऐकत नाही."

मी सगळं सांगितलं. मग त्यांनी नियम सांगितला. वारस म्हणून मला मूळ आवाज उघडता येईल. सुनावणी नाशिकला. एका शब्दाचा अर्थ बदलला की तो सगळ्या मराठी पेशंटसाठी बदलतो, म्हणून सुनावणी जाहीर असते. कुणीही बघू शकतं. आणि आवाज तुकड्यानं उघडत नाहीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत उघडतात, नावासकट. "तुझ्या वडलांचं वाक्य त्यात पुष्टी म्हणून आहे," सर म्हणाले. "आणि स्पृहा, तुझा तो फोनही तिच्याच पानावर आहे."

"सर, अशा आणखी किती बायका असतील? जीव घाबरणाऱ्या?"

"मोजलं नाही कुणी," ते म्हणाले. "मोजायचं सुचलं नाही."

पप्पांना सांगितलं, तेव्हा ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मी बहिणीला हसलो, ते सगळ्या कारखान्याला ऐकवणार?" ते म्हणाले. "माझं काय व्हायचं ते होऊ दे. मला नको तपासणी."

आई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "स्पृहा, माणूस आधीच मोडलाय गं. रोज वरच्या खोलीत जाऊन बसतो. आणखी काय करायचं त्याचं? तुझी तपासणी आपण बाहेरून करू, कसंही करून."

"आणि पप्पांची?"

आई भांडी लावत राहिली. ताटं, वाट्या. वाट्यांचा आवाज नको इतका मोठा येत होता.

परवा जेवायच्या वेळी मी पप्पांना हाक मारायला जिन्याशी गेले. ते आत्याच्या खोलीतून निघाले होते. तिचं लोखंडी कपाट त्यांनी एकट्यानं सरकवलं असणार, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. अर्ध्या जिन्यात ते थांबले. हात कठड्यावर. बरोबर त्याच पायरीवर.

"पप्पा, काय होतंय?"

त्यांनी तोंड उघडलं. शब्द ओठांपर्यंत आला, मी बघितला. आणि तो त्यांनी गिळला. आमच्या घरात आता तो शब्द कुणी उच्चारत नाही.

"काही नाही," ते म्हणाले. "चल, जेवू."

ते खाली आले, पाटावर बसले. आईनं भात वाढला. मी बसले नाही. माझ्यापुढे माइक नव्हता, नुसता पाण्याचा तांब्या होता. मी तोच दोन्ही हातांनी धरला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," मी म्हणाले.

आईचा हात भातावर थांबला. पप्पांनी वर बघितलं.

"सारिका दातीर, राहणार खडकाळे, यांचा मूळ आवाज सोमवारी नाशिकला उघडण्यात येणार आहे. वारस म्हणून अर्ज मी केलाय, उघडणार मी आहे. पप्पा, त्यात तुमचं झुरळाचं वाक्य ऐकू येईल आणि त्यावर मी हसलेली ऐकू येईन. आई, त्यात माझा फोनपण ऐकू येईल, मी काय बोलले तेही. त्यातलं एक अक्षर कापा म्हणून मी सांगणार नाही. सुनावणीनंतर पप्पांची आणि माझी तपासणी होईल. आपण सोमवारच्या पहिल्या गाडीनं निघतोय. तुम्ही दोघं आलात तर तिघं, नाहीतर मी एकटी. आणि ही गाडी आता कुणासाठीही थांबणार नाही."